कुचला : औषध आणि विष

वडनेर भोलजीहून एका भगिनीनें विचारिलें आहे : सासरेबुवांस गुडघेदुखीसाठीं वैद्यांनीं कुचल्याच्या गोळ्या दिल्या, गुण आला. आतां "एकीनें इतकें, तर दोहोंनीं लवकर बरें वाटेल" असें म्हणून ते मात्रा दुप्पट करूं पाहतात. तें योग्य काय? आमचें उत्तर : मुळींच नव्हे.

कोंकणांत व गोमंतकांत ज्यास काजरा म्हणतात, त्या वृक्षाचें बीं म्हणजे कुचला. दिसावयास कोटाच्या चपट्या गुंडीसारखें, राखी, रेशमी लंवेचें; चवीस कमालीचें कडू. पेल्त्ये व कावांतू या फ्रेंच रसायनज्ञांनीं १८१८ सालीं शोधिलेलें स्ट्रिकनीन यांत असतें, व सोबत ब्रूसीन नांवाचें त्याचें भावंडही. दोन्ही मिळून बियांच्या वजनाच्या शेंकडा अडीच-तीन भरतात.

याची करणी विलक्षण आहे. मज्जारज्जूंत ग्लायसीन नांवाचें साधें द्रव्य स्नायूंच्या आवेगास लगाम घालीत असतें. स्ट्रिकनीन घोड्यास चाबूक मारीत नाहीं. तें लगामच सोडवितें. थोड्या मात्रेंत हुशारी वाटते ती म्हणूनच. १९०४ सालच्या सेंट लुइस ऑलिंपिकांत थॉमस हिक्स यास धांवतां धांवतां स्ट्रिकनीन व ब्रँडी देण्यांत आली. मॅरेथॉन तो जिंकला खरा, पण अखेरीस त्यास दोघांनीं सांवरून आणावें लागलें! मात्रा चढली कीं अर्ध्या घटकेंत अंग धनुर्वातासारखें ताठतें, साध्या आवाजानें वा स्पर्शानें झटके येतात, श्वास कोंडतो. आणि रोग्याची शुद्ध मात्र शाबूत असते. प्रौढ माणसास पन्नास ते शंभर मिलिग्रॅम, क्वचित् त्याहूनही कमी, स्ट्रिकनीन प्राणघातक ठरतें. त्यावर नेमका उतारा नाहीं. रोग्यास न हलवितां-गोंगाट न करितां शक्य तितक्या लवकर इस्पितळांत न्यावें, ओकारी काढूं नये.

पाश्चात्य वैद्यकानें हें बलवर्धक म्हणून केव्हांच टाकून दिलें. आयुर्वेदांत विषमुष्टि या नांवानें तें अजून चालतें. पण आपले पूर्वज कांहीं भोळे नव्हते. बीं गोमूत्रांत भिजवून, दुधांत शिजवून, साल व कोंब काढून तुपांत परतल्यावांचून तें वापरूं नये, असा त्यांचा दंडक. या शोधनानें स्ट्रिकनीन कमी होतें, नाहींसें होत नाहीं. औषधविषयक नियमांच्या 'ई १' अनुसूचींतही कुचला विषारी द्रव्यांत गणिला असून, वैद्यकीय देखरेखीखालींच घ्यावें अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते.

तरी गोळ्यांची डबी मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी उंच ठेवावी, आणि मात्रा बदलणें तें वैद्यांनींच बदलावें. सासरेबुवांस "नको" म्हणण्यास सुनेची जीभ रेटत नसेल, तर हें पान उघडें करून त्यांच्या चष्म्याशेजारीं ठेवावें.