पुडीला दोष देण्याआधी

"जिवाणू खत म्हणजे निव्वळ थोतांड. पुडी लावली, भातात काडीचा फरक पडला नाही." पोफळी गावच्या खाचरांबद्दल हा आक्षेप कुणी घेतला, तर तो निम्मा खरा असू शकतो.

पुडीत अ‍ॅझोटोबॅक्टर हा जिवाणू असेल, तर फरक पडणार कसा? त्याला प्राणवायू लागतो आणि आम्लता सोसत नाही. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याची जांभ्याची माती मुळात आम्ल, त्यात लावणीनंतर खाचरात पाणी तुंबलेलं. भाताला अ‍ॅझोस्पिरिलम द्यावं, तेही तरव्याची मुळं अर्धा तास द्रावणात बुडवून. शिवाय हा माल जिवंत आहे. २००६ साली जिवाणू खतं खत नियंत्रण आदेशाखाली आली. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, असं बंधन आलं. पण मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली पडलेल्या, किंवा बुरशीनाशकातच कालवलेल्या पुडीत त्यांतले किती उरतात? मेलेलं बियाणं पेरून कुणी शेतीला थोतांड म्हणत नाही.

आता दुसरी बाजू. "रासायनिक खत बंद करा, जिवाणू सगळं देतील," असं सांगणारे सेंद्रिय उत्साही मला अधिक घातक वाटतात. स्फुरद विरघळवणारा जिवाणू स्फुरद तयार करत नाही, असलेला सोडवतो. त्याचा हात चालतो मुख्यतः चुन्याशी बांधलेल्या स्फुरदावर. आपल्या तांबड्या मातीत स्फुरद लोह आणि अ‍ॅल्युमिनियमने जखडलेला असतो. बरं, जिवाणूला खायला शेणखत-पालापाचोळा नसेल, तर तो उपाशीपोटी राबणार थोडाच?

मग जिवाणू खताची खरी जागा कुठली? भातकापणीनंतरच्या ओलीवर पेरलेले कुळीथ, चवळी, वाल. युरियाच्या कारखान्यात हवेतला नत्र बांधायला चारशे अंशांच्या वरचं तापमान आणि हवेच्या शेकडो पट दाब लागतो. कोयनेचं पाणी डोंगर पोखरून वीजघरात आणलेल्या पोफळीला, शक्ती मिळवायला काय खटाटोप लागतो हे वेगळं सांगायला नको. रायझोबियम हा जिवाणू तेच काम या कडधान्यांच्या मुळावरच्या गाठीत, मातीच्या उबेवर करतो. मोबदल्यात झाड त्याला साखर पुरवतं. शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८८८ सालीच तो गाठींतून वेगळा काढून दाखवला.

दहा किलो बियाण्याला रायझोबियमची २५० ग्रॅमची पुडी पुरते. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. बी सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं.

मात्र पुडी विकत घेण्याआधी एक करा. चवळीचं फुलावर आलेलं झाड ओढू नका, मातीसकट खणून काढा. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल, तर जिवाणू कामाला लागलेला आहे. पांढरी किंवा हिरवी असेल, तर तो बसून खातोय. चवळी-कुळथाला चालणारे जिवाणू कित्येक शेतांत आपसूकच असतात. तुमच्या खाचरात लाल गाठी भरपूर निघाल्या, तर यंदा पुडीवर पैसे घालू नका.