आभारप्रदर्शन

या आठवड्यात कृतज्ञ राहायचं मी ठरवलं नव्हतं. सोसायटीनं ठरवलं. आमच्या इमारतीतल्या एक वहिनी लोणावळ्याच्या बाजूला कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि आल्या त्याच रात्री त्यांनी ग्रुपवर 'एकवीस दिवस कृतज्ञतेचे' असा उपक्रम जाहीर केला. सकाळी नऊच्या आत, ज्यांच्याबद्दल मन भरून येतं अशा तीन गोष्टी लिहायच्या. तक्रार करायची नाही. नकारात्मक शब्द वापरायचा नाही. या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे की दुसरा चहा होईपर्यंत माझं मन कशानंच भरून येत नाही, आणि तक्रारीवर बंदी आली तर हे सदरच बंद पडेल.

पहिल्या दिवशी बहुतेकांनी सूर्याचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी श्वास, आई-वडील आणि पुन्हा सूर्य. तिसऱ्या दिवशी ए विंगमधल्या एका गृहस्थांनी भाबडेपणानं 'लिफ्टबद्दल कृतज्ञ' असं लिहिलं. बी विंगची लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे. चौथ्या मजल्यावरून लगेच उत्तर आलं, 'आम्ही गुडघ्यांबद्दल कृतज्ञ.' माझ्या मते अख्ख्या उपक्रमातलं तेवढं एकच वाक्य मनापासूनचं होतं. वहिनींनी ते नकारात्मक ठरवून काढायला लावलं. एक निवृत्त बँक अधिकारी पहिल्या दिवसाचीच यादी रोज पुढे ढकलतात. नोंद झाल्याशी मतलब. नळाला टिपूसही आलं नाही त्या सकाळीसुद्धा त्यांच्या यादीत 'भरपूर पाणी' होतंच. टँकर साडेअकराला आला. टँकरवाला ग्रुपवर नाही.

मी सूर्यावर विचार करत खिडकीशी उभा होतो, तेव्हा आतून आवाज आला, "अहो, कृतज्ञता झाली असेल तर कुकर उतरवा."

आता या सगळ्याला शास्त्राचा आधार आहे, असं वहिनी म्हणतात, आणि तो आहेही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचेक गोष्टी लिहिल्या, काहींनी कटकटी लिहिल्या, काहींनी नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आयुष्य अधिक बरं वाटू लागलं, त्यांची दुखणीखुपणी कमी झाली, व्यायामसुद्धा वाढला. मात्र तिथं लिहायचं होतं आठवड्यातून एकदा. पुढे सोनिया ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. हे मी ग्रुपवर टाकणार होतो, पण ते नकारात्मक ठरलं असतं.

माझी कुरकुर प्रयोगाबद्दल नाही. बरं वाटतं तर वाटू दे. मला खुपतं ते हे की या कृतज्ञतेच्या वहीत देणारा कुणीच नाही आणि घेणारा मी एकटा. झोप मला लागणार, रक्तदाब माझा उतरणार, चेहऱ्यावर तेज माझ्या येणार. ज्याच्यामुळे माझी सकाळ नीट गेली त्याला याचा पत्ताही नाही, आणि लागू द्यायची गरजही कुणाला वाटत नाही. आपल्याकडे हे खातं वेगळ्या पद्धतीनं लिहिलं जायचं. माणूस तीन ऋणं घेऊनच जन्मतो, ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं, असं तैत्तिरीय संहितेत सांगितलंय. आणि ती फेडायची कशी, तर काहीतरी करून. शिकून, यज्ञ करून, वंश पुढे नेऊन. नुसतं मन भरून आलं एवढ्यावर भागत नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. वर्षभर जू वाहून सोललेल्या बैलाच्या खांद्याला लोणी नाहीतर तूप आणि हळद चोळतात, आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैलाला वही दाखवून काय करणार? त्याला खांद्याचं कळतं.

बरं, बैल राहू द्या. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची 'स्वच्छ' नावाची सहकारी संस्था आहे. तिनं आपल्याकडे एवढंच मागितलं होतं, की सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळा आणि पुडीवर एक लाल ठिपका काढा. म्हणजे हातानं कचरा वेगळा करणाऱ्या बाईला पुडी न उघडताच आत काय आहे ते कळेल. सूर्याला उद्देशून चार ओळी लिहिण्यापेक्षा याला कमी वेळ लागतो. आमच्या इमारतीत लाल पेन घराघरात आहेत. ठिपके मी अजून फारसे पाहिलेले नाहीत.

दुसरी गोष्ट या सकारात्मकतेची. अध्यात्म म्हणजे सतत गोड बोलणं, असं कुणी कधी ठरवलं? जनाबाईनं विठ्ठलाला घातलेल्या शिव्या प्रसिद्ध आहेत. त्या ग्रुपवर टाकल्या तर वहिनी तिला पहिल्याच सकाळी बाहेर काढतील. तुकोबांचं बघा. दुष्काळात घरदार धुऊन निघालं, व्यापार बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली. आणि हा माणूस देवाला सांगतो की माझं दिवाळं निघालं ते बरंच झालं. त्यात दुष्काळाची पीडाही मोजून घेतो, लोकांत झालेला अपमानही, आणि घरातली कर्कश बायकोसुद्धा. याला कृतज्ञता म्हणायचं की देवाशी मांडलेलं भांडण, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. दोन्ही एकदम असावं. शिबिरात मात्र दोन्ही एकदम चालत नाही. तिथं दुष्काळ आधी 'संधी' म्हणून लिहून घेतात.

आणि आभारच म्हणाल, तर मला ज्ञानेश्वरीचा शेवट आठवतो. पसायदान सगळ्यांना पाठ असतं, शाळेत म्हणून म्हणून घासलेलं. पण ग्रंथ तिथं संपत नाही. त्यानंतर आणखी काही ओव्या येतात, आणि शेवटच्या ओवीत टीका केव्हा झाली ते सांगितलंय, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, आणि ती आदरानं लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव आहे. सगळ्या विश्वासाठी मागून झालं, आणि मग लेखनिकाचं नाव. तेही ग्रंथाच्या आत. सव्वासातशे वर्षं ते नाव तिथं आहे.

आमच्या आभारप्रदर्शनात मात्र लेखनिक येत नाही. आमदार येतात. मराठी माणसानं आभारासाठी स्वतंत्र कार्यक्रमच ठेवला आहे, आणि तो अशा वेळी ठेवला आहे की निम्मं सभागृह चपला शोधत असतं. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. तेव्हापासून या एका शहरात किती वक्त्यांनी 'आभार मानून परकं करणार नाही', 'त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो' असं म्हणत किती लोकांना बिनपैशाचं वाटेला लावलं असेल, याचा हिशेब आमच्या बँकवाल्या गृहस्थांकडेच द्यायला हवा. आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग देणगीदार, मग 'ज्यांचे ज्यांचे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य लाभले ते सर्व'. या 'सर्व'मध्ये खुर्च्या लावणारा असतो, माइकवाला असतो, चहा करणारी बाई असते. ते तेव्हा बहुधा खुर्च्या गोळा करत असतात.

आमच्या कृष्णाकाठच्या गावात वाचनालयाचे ग्रंथपाल होते, नाना. उन्हाळ्यात वाचनालयाची व्याख्यानं व्हायची आणि आभार नानांकडे असायचे, कारण दुसरं कुणी तयार नसायचं. नानांची पद्धत उलटी. सकाळपासून ते आलेल्या पत्रांच्या पाकिटांवर नावं टिपत फिरायचे. सुरुवात सतरंज्या घालणाऱ्या पोरांपासून, पोरांची नावं बापाच्या नावासकट. मग वायर ओढणारा, मग पिंप देणारे शेजारी, मग त्या पिंपात पाणी भरणाऱ्या काकू, मग आपल्या गोठ्यातली म्हैस त्या संध्याकाळपुरती लांब नेऊन बांधणारे पाटील. म्हशीनं आदल्या वर्षी व्याख्यात्याला दोनदा अडवलं होतं. हे सगळं नाना शांतपणे, एकेका नावाशी थांबून वाचायचे आणि ते ते माणूस उभं राहीपर्यंत पुढे जायचे नाहीत. मी स्वतः एका वर्षी सतरंजीसाठी उभा राहिलोय. त्यानंतर मला बरीच पदकं नाही मिळाली, पण मिळाली असती तरी असं वाटलं नसतं.

अध्यक्षांचा नंबर शेवटी लागायचा, आणि कधीकधी लागायचाच नाही. एका वर्षी अध्यक्ष रागावले. नाना म्हणाले, "साहेब, तुम्हाला हार मिळाला की. पिंपाला कुठे मिळतो?"

कमिटीनं बैठक घेतली. कुणीतरी तोडगा काढला की लोक शेवटपर्यंत थांबत नाहीत ही खरी अडचण आहे, तर आभार आधीच उरकून घ्यावेत. पुढच्या वर्षी दीपप्रज्वलन झालं आणि नाना उभे राहिले. या वेळी त्यांच्यासमोर सभागृह गच्च भरलेलं होतं, कुणाला कुठे जायची घाई नव्हती, आणि हातात पाकिटांचा गठ्ठा होता. वक्ते साताऱ्याहून आलेले. त्यांचा विषय होता 'वेळेचं महत्त्व'. ते बोलायला उभे राहिले तेव्हा शेवटची एसटी गेलेली होती.

तेव्हापासून तिथे आभार परत शेवटी गेले. वक्ते त्या रात्री नानांच्या ओसरीवर झोपले. पुढच्या उन्हाळ्यात नानांच्या पाकिटावर एक नवीन नाव होतं, गादी उसनी देणाऱ्या शिंप्याचं, आणि त्याखाली कंसात लिहिलं होतं, 'उशीसुद्धा.'