खरी एल् आणि खोटा संतोष

स्कॉटलंडांतील एखादा जुना पब बंद पडल्याचें वृत्त वाचलें म्हणजे आमच्याकडील निर्व्यसनी गृहस्थास एक प्रकारचें सात्त्विक समाधान वाटतें. एक गुत्ता बुडाला, तितके संसार तरले, असा त्याचा त्रैराशिकाचा सरळ हिशेब असतो. प्रस्तुत लेखकास मद्याचा शौक नाहीं, व मद्यपानाची तरफदारी करण्याकरितां त्यानें लेखणी उचललेली नाहीं. परंतु हा हिशेब चुकलेला आहे, आणि तो मांडणारे लोक सज्जन असल्यामुळें ही चूक अधिकच घातुक झाली आहे, एवढें दाखविणें अवश्य वाटतें. उदाहरणादाखल एडिंबरो शहर व त्याच्या भोंवतालचा लोदियन प्रांत घेऊं.

ज्या पेयाविषयीं हा तंटा आहे तें काय आहे हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. मोड आणून वाळविलेला सातू, हॉपचीं फुलें, पाणी व यीस्ट यांपासून बिअर होते हें सर्वश्रुत आहे. मोठ्या कारखान्यांतील बिअर बहुधा गाळून व तापवून निर्जीव केलेली असते, आणि बाहेरून वायूचा दाब देऊन ती नळांतून काढतात. ‘रिअल एल्’ची गोष्ट निराळी. ती पिंपांत भरल्यावरहि जिवंत असते. पबाच्या तळघरांत तिचें आंबणें चालूच राहतें. विरजण लावलेल्या दुधाप्रमाणें तिला वेळ द्यावा लागतो, हलवून चालत नाहीं. तळघराची उष्णता १२ अंशांच्या आसपास राखावी लागते. पिंपाच्या भोंकांत सच्छिद्र खुंटी केव्हांपर्यंत ठेवावी आणि घट्ट खुंटी केव्हां ठोकावी, हें पबवाल्याच्या हाताला कळावें लागतें. आणि एकदां पिंपाला तोटी लागली कीं नऊ गॅलनांचें तें पिंप, म्हणजे ७२ पाइंट, तीनएक दिवसांत संपलें पाहिजे. न संपल्यास तें आंबट होतें व मोरींत ओतावें लागतें.

आमच्या म्हणण्याचा सगळा भार या नाशवंतपणावर आहे. व्होडकाची बाटली कपाटांत वर्षभर पडून राहते, व कोणाहि एकट्यास ती घरीं नेतां येते. परंतु ७२ पाइंट तीन दिवसांत खपवावयाचे तर रोज येणारीं, पायीं येण्याइतक्या अंतरावर राहणारीं माणसें हवींत. १८९७ सालापासून चालत आलेल्या ‘अॅथलेटिक आर्म्स’ या पबास सारें एडिंबरो ‘डिगर्स’ म्हणून ओळखतें, कारण शेजारच्या दफनभूमींतील खड्डे खणणारे मजूर काम आटोपून तेथें येत. हें नांव मालकानें दिलेलें नाहीं. शेजारानें दिलें आहे. हें पेय मरूं लागलें म्हणजे केवळ एक चव मरत नाहीं, असा शेजारहि विस्कटतो.

आतां तें कोणी मारलें तें पाहूं. एडिंबरो हें एके काळीं बिअरचें मोठें पीठ होतें. तेथील कारखानदारांनीं ‘इंडिया पेल एल्’ आमच्याच देशांतील गोऱ्या शिपायांसाठीं व अंमलदारांसाठीं जहाजें भरभरून पाठविली. त्या नांवांतील ‘इंडिया’ती ही. विल्यम मॅक्ईवन यानें १८५६ सालीं फाउंटन ब्रुअरी काढली, आणि १८९७ सालीं विद्यापीठास जें भव्य सभागृह बांधून दिलें त्यांत पदवीदानाचे समारंभ होत आले आहेत. (मद्यविक्रीच्या पैशास नाक मुरडणाऱ्या कित्येक हिंदी विद्वानांनीं आपला झगा तेथेंच मिरविला असेल!) पुढें कंपन्या एकमेकींस गिळूं लागल्या. १९६० सालीं ‘स्कॉटिश अँड न्यूकॅसल’ ही जंगी कंपनी झाली. २००४ सालीं तिनें फाउंटन ब्रुअरीस कुलूप ठोकलें. त्याच वर्षीं होलिरूड येथें याच कंपनीच्या जुन्या जागेवर स्कॉटिश पार्लमेंटाची नवी इमारत उघडली. २००८ सालीं डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग व हॉलंडच्या हायनेकेन या कंपन्यांनीं सबंध कंपनीच वांटून घेतली.

राहिली १८६९ सालची कॅलिडोनियन ब्रुअरी. तेथें तांब्याच्या उघड्या कढया थेट आगीवर तापत. ती जुनी तऱ्हा इतरत्र नामशेष झाली होती. याच कढयांतून निघालेल्या ‘ड्यूकर्स आय्. पी. ए.’ला २००२ सालीं सबंध ब्रिटनांत पहिलें बक्षीस मिळालें. वीस वर्षांनीं, २०२२ सालीं, हायनेकेननें हा कारखाना बंद केला. कारण काय, तर यंत्रसामग्री व्हिक्टोरिया राणीच्या काळची, ती सुधारण्याचा खर्च परवडत नाहीं! ज्या गुणामुळें बक्षीस मिळालें तोच गुन्हा ठरला. जग बदलतें, लोकांची रुचि बदलते, त्यास कोण काय करणार, असें व्यवहारी पंडित सांगतील. रुचि बदलते हें खरें. पण कढया विझवावयाच्या कीं नाहीं हें एडिंबरोच्या रुचीनें ठरविलें नाहीं. तें परक्या देशांतील हिशेबाच्या वहीनें ठरविलें.

येथें एलीच्या कैवाऱ्यांसहि दोन शब्द सुनावणें प्राप्त आहे. १९७१ सालीं स्थापन झालेल्या ‘कॅम्पेन फॉर रिअल एल्’नें या पेयाला मरणाच्या दारांतून ओढून आणलें, हें तिचें ऋण नाकबूल करवत नाहीं. परंतु तिनें केलेल्या व्याख्येंत पिंप आहे, आंबणें आहे, वायु नको असल्याचा दंडक आहे; मालकीविषयीं अक्षर नाहीं. हायनेकेनच्या हातीं गेल्यावरहि पिंपांतील ड्यूकर्स व्याख्येप्रमाणें ‘खरी’च होती, आणि कारखाना बंद पडून ती डनबारला तयार होऊं लागली तेव्हांहि ‘खरी’च राहिली. व्याख्या शाबूत राहिली; स्लेटफर्ड रस्त्यावरच्या कढया तेवढ्या गेल्या.

आतां आमच्या निर्व्यसनी गृहस्थाकडे वळूं. दारूनें स्कॉटलंडाचा घात चालविला आहे हें त्याचें म्हणणें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. २०२३ सालीं तेथें निव्वळ मद्यजन्य कारणांनीं १,२७७ माणसें मेलीं. पबांनीं पूर्वीं किती मजुरांचे पगार गिळले, आणि कित्येक पबांनीं बायकांस उंबरठाहि कसा ओलांडूं दिला नाहीं, हेंहि आम्ही विसरलों नाहीं. पण आज तेथें बहुतांश मद्य पबांत विकलें जात नाहीं. तें दुकानांत विकलें जातें व दार लावून प्यालें जातें. २०१८ सालीं स्कॉटलंडानें मद्याची किमान किंमत कायद्यानें ठरविली, तिचा रोख दुकानांतील स्वस्त व जहाल दारूवरच होता. झिंगलेल्या माणसास आणखी विकणें हा गुन्हा आहे, आणि तो कायदा दुकानासहि लागू आहे. पण बाटली घरीं पोंचल्यावर तिसरा पेला नाकारणारें तेथें कोण असतें? पब बंद झाला म्हणजे पिणारा सुटत नाहीं. त्याच्यावरची नजर तेवढी सुटते. या गोष्टीचा ज्यास संतोष वाटतो त्यानें आपला संतोष पुन्हा एकदां तपासून पाहावा.

मग पब हवा तर तो कोणाचा? याचें उत्तर लोदियन प्रांतानें फार पूर्वीं देऊन ठेविलें आहे. स्वीडनांतील गॉथेनबर्ग शहरावरून नांव पडलेल्या पद्धतीप्रमाणें १८९९ सालीं न्यूटनग्रेंज या कोळशाच्या खाणीच्या गांवीं ‘डीन टॅव्हर्न’ हा पब निघाला. भांडवलावरील व्याज ठराविक मर्यादेंत द्यावयाचें आणि उरलेला नफा गांवासाठीं खर्चावयाचा, असा त्या पद्धतीचा नियम. त्या नफ्यांतून खेळाचीं मैदानें झालीं, चित्रपटगृह झालें, आजाऱ्यांसाठीं परिचारिका ठेवली गेली. खाणमालकांच्या कंपनीनेंच हें घडवून आणलें, त्यांत थोडी हुकमत गाजविण्याचीहि हौस होती, हें खरें. तरी पैसा गांवांतच फिरला.

ही जुनी कथा झाली असें कोणी म्हणेल. त्यानें लोदियनच्या पुष्कळ उत्तरेस, नॉइडार्टच्या किनाऱ्यावरील इन्व्हेरी गांवाकडे पाहावें. तेथें बाहेरून येणारी सडक नाहीं. होडींतून किंवा डोंगर तुडवीत जावें लागतें. गांवांत ‘ओल्ड फोर्ज’ नांवाचा एकच पब. त्याच्या मालकाशीं लोकांचें बिनसलें, तेव्हां कित्येकांनीं तेथें पाऊल टाकणें सोडलें. पण तो पब नाहींसा व्हावा असें त्यांस वाटलें नाहीं. त्यांनीं भाग विकले, सार्वजनिक निधीची मदत मिळविली, आणि २०२२ सालीं, कॅलिडोनियनच्या कढया विझल्या त्याच सालीं, तो पब स्वतः विकत घेतला.