विश्लेषण : अपघातानंतर बडतर्फ झालेल्या रेल्वेचालकाची बाजू कामगार संघटनेने मांडावी का?

गाडीच्या चालकाने लाल सिग्नल ओलांडला, की त्याला रेल्वेच्या भाषेत ‘स्पॅड’ म्हणतात. अनेकदा कुणाला खरचटतही नाही. गाडी सिग्नलच्या थोडी पुढे जाऊन थांबते. तरीही चालकाची नोकरी जाऊ शकते. मग कामगार संघटना त्याच्या पाठीशी उभी राहते आणि प्रवाशाला प्रश्न पडतो, की शेकडो जीव ज्याच्या हातात होते त्याला वाचवण्याची ही धडपड कशासाठी? प्रश्न रास्त आहे. पण संघटना नेमके काय वाचवते, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

नियम काय सांगतो?

रेल्वे कर्मचाऱ्यांवरील कारवाई १९६८ च्या शिस्त व अपील नियमांनुसार होते. ज्या कृतीमुळे गाड्यांची टक्कर झाली किंवा एरवी झाली असती, अशा प्रकरणात सेवेतून काढणे किंवा बडतर्फी, या दोनपैकी एक शिक्षा ‘सर्वसाधारणपणे’ द्यावी, असे हे नियम सांगतात. लाल सिग्नल ओलांडल्यास वेतन खालच्या टप्प्यावर आणण्यापासून बडतर्फीपर्यंतच्या मोठ्या शिक्षांपैकी एक ठरलेली असते. याहून सौम्य शिक्षा द्यायची, तर अधिकाऱ्याला तसे का केले हे लेखी नोंदवावे लागते.

म्हणजे नियमाचा कल आधीच कठोर शिक्षेकडे आहे. रेल्वेसारख्या क्षेत्रात तो असायलाही हवा. पण त्यामुळे ‘चूक झाली’ यापुढे जाऊन ‘का झाली’ हे विचारण्याची गरज कुणाला उरत नाही. फाइल चालकाच्या नावावर बंद होते.

चौकशीत संघटनेचे काम काय?

सरकारी कर्मचाऱ्याला आरोप सांगून, बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाचे हे संरक्षण रेल्वे कर्मचाऱ्यांनाही आहे. अपवाद आहेत, पण मोजके. मात्र रेल्वेच्या खातेनिहाय चौकशीत कर्मचाऱ्याला सहसा वकील नेता येत नाही. मदतीला दुसरा रेल्वे कर्मचारी किंवा निवृत्त कर्मचारी घ्यावा लागतो. समोर प्रशासन, त्याची कागदपत्रे, त्याचे साक्षीदार. आणि इकडे आयुष्यभर गाडी चालवलेला, आरोपपत्राच्या भाषेने बिचकलेला माणूस. नियम, परिपत्रके आणि जुने निकाल ठाऊक असलेला सहकारी बहुतेक वेळा संघटनेचाच कार्यकर्ता असतो. संघटनेने हात वर केले, तर घटनेने दिलेली संधी कागदावरच राहते. इथे संघटना वकिलाच्या जागी असते, आणि खुनाच्या आरोपीलाही वकील मिळतो याबद्दल आपली तक्रार नसते.

रंगापाणीत काय घडले?

चौकशीआधीच दोष ठरवला तर काय होते, याचे अलीकडचे उदाहरण पश्चिम बंगालमधील रंगापाणीचे आहे. १७ जून २०२४ रोजी सकाळी तिथे मालगाडीने कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून धडक दिली. दहा जणांचा मृत्यू झाला, त्यात मालगाडीचा चालकही होता. मालगाडीच्या चालकाने सिग्नलकडे दुर्लक्ष केले, असे रेल्वे मंडळाच्या अध्यक्षांनी त्याच दिवशी सांगितले. मेलेला माणूस खुलासा देऊ शकत नव्हता.

थोड्याच वेळात एक कागद बाहेर आला. त्या मार्गावरील स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बिघडले होते आणि लाल सिग्नल ओलांडून पुढे जाण्याची लेखी परवानगी चालकाला स्टेशनमास्तरनेच दिली होती. लोको पायलटांच्या संघटनेने मृत चालकावर खापर फोडण्याला लगेच आक्षेप घेतला. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आढळले, की दिलेला परवानगीचा कागदच चुकीच्या नमुन्याचा होता आणि त्यावर वेगाचा उल्लेख नव्हता. बिघडलेल्या सिग्नलपाशी एक मिनिट थांबून ताशी १५ किलोमीटरने पुढे जायचे, ही पद्धत त्या सकाळी तिथून गेलेल्या गाड्यांपैकी फक्त कांचनजंगाने पाळली. मालगाडीसह बाकीच्या गाड्यांनी ती पाळली नव्हती.

शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. चालकाची चूक नव्हती, असे तो सांगत नाही. वेग जास्तच होता. पण एकाच कागदाचा अर्थ इतके प्रशिक्षित चालक वेगवेगळा लावत असतील, तर दोष एका चालकात शोधून भागत नाही. चालक आणि स्टेशनमास्तरांना अशा प्रसंगासाठी पुरेसे प्रशिक्षण नव्हते, हा अपघात कधीतरी होणारच होता, असा अहवालाचा सूर होता. समजा तो चालक वाचला असता आणि पहिल्या दिवसाच्या निवेदनावरच बडतर्फ झाला असता, तर चुकीचा कागद तसाच वापरात राहण्याची शक्यता किती होती?

ब्रिटनचा अनुभवही असाच आहे. १९९९ मध्ये लंडनमधील लॅडब्रोक ग्रोव्ह इथे लाल सिग्नल ओलांडून झालेल्या टकरीत ३१ जण मरण पावले. चालक नवखा होता, तोही दगावला. पण तोच सिग्नल त्याआधीच्या सहा वर्षांत आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता. तो धड दिसतच नव्हता.

मग प्रत्येकाचा बचाव करायचा का?

इथे संघटनांची अडचण सुरू होते. रंगापाणीत कांचनजंगा एक्स्प्रेसचा गार्डही गेला. म्हणजे धडक देणारा आणि धडकेत मेलेला, दोघेही रेल्वेचेच कर्मचारी. रुळांवर काम करणारा ट्रॅकमन, शंटिंग करणारा पॉइंट्समन हे चालकाच्या चुकीचे पहिले बळी असतात, आणि तेही वर्गणी भरणारे सभासद असतात. चालक ड्युटीवर येताना श्वास तपासणीत दारू प्यायलेला आढळला आणि संघटनेने त्याला पुन्हा इंजिनात बसवण्यासाठी ताकद लावली, तर ती आपल्याच ट्रॅकमनच्या विरोधात उभी राहते. अशा सभासदाची चौकशी नियमाप्रमाणे व्हावी, एवढाच आग्रह पुरे. चौथ्या सलग रात्रपाळीत डोळा लागलेल्या चालकाचे प्रकरण मात्र वेगळे. तिथे शिक्षेइतकेच ड्युटीच्या तक्त्यावर बोलले पाहिजे. सलग रात्रपाळ्या दोनच असाव्यात, ही लोको पायलटांची मागणी जुनी आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मध्य रेल्वेच्या एका मोटरमनचा भायखळा–सँडहर्स्ट रोड दरम्यान गाडीखाली मृत्यू झाला. त्याच्याकडून लाल सिग्नल ओलांडला गेला होता आणि कारवाईच्या भीतीने तो तणावात होता, असे सहकाऱ्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी मोटरमन अंत्यसंस्काराला गेले, जादा काम नाकारले आणि मध्य रेल्वेवर मोठ्या संख्येने लोकल रद्द झाल्या. प्रवाशांचे हाल झाले, त्यांचा संतापही समजण्यासारखा. पण जादा काम एक दिवस थांबताच वेळापत्रक कोसळते, याचा अर्थ ते वेळापत्रकच जादा कामावर उभे आहे. संघटनेने वर्षभर निवेदने देऊन जे पटले नसते, ते त्या दिवशी फलाटावर दिसले.

मुंबईत रेषा कुठे ओलांडली गेली?

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकलमधून प्रवासी खाली पडले, त्यात काहींचा जीव गेला. रुळांच्या देखभालीत हयगय झाल्याचे सांगत लोहमार्ग पोलिसांनी नोव्हेंबरमध्ये दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. अभियंत्यांची बाजू मांडायला संघटनेकडे मुद्दे होते. देखभालीचा निर्णय दोन अभियंते एकटे घेतात का, हा त्यातला एक.

पण ६ नोव्हेंबरला ऐन गर्दीच्या वेळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आंदोलन झाले आणि लोकल थांबल्या. खोळंबलेल्या गाड्यांतून उतरून रुळांवरून चालू लागलेल्या प्रवाशांना सँडहर्स्ट रोडजवळ लोकलने उडवले. दोघांचा मृत्यू झाला. नंतर संघटनेच्या पदाधिकाऱ्यांवरच गुन्हा दाखल झाला. सुरक्षेतील हयगयीचा आरोप असलेल्या सहकाऱ्यांच्या बचावासाठी गाड्या रोखल्या गेल्या, आणि त्याची किंमत ज्यांचा त्या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता अशा दोन प्रवाशांनी मोजली. मुंब्र्याच्या वळणावरील रुळांची जबाबदारी नेमकी कोणत्या टेबलापर्यंत जाते, ही चर्चा त्या संध्याकाळनंतर मागे पडली.