'नाही' लिहिण्याआधी...



बरेच दिवसांनी लिहायला बसलो आहे. गेल्या महिन्यात एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. सरकारी नोकरीसाठी निवड झालेली. हातात साक्षांकन नमुना. म्हणाली, "सर, ओळखणाऱ्या दोन व्यक्तींमध्ये तुमचं नाव टाकू का?"

पेठसारख्या तालुक्यात मास्तरकी केली की हा मान आपोआप मिळतो. आमच्या मुलांना ओळखणारे 'जबाबदार गृहस्थ' म्हणजे मास्तर, सरपंच, फार तर एखादे डॉक्टर. ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना, देवळालीचा तोफखाना, पोलीस भरती... कुठेही जायचे तर आधी चारित्र्य पडताळणी. पूर्वी हवालदार एस्टीने यायचे, ओट्यावर बसून चहा घ्यायचे आणि विचारायचे, "पोरगा कसा आहे हो?" आता बहुतेक फोनच येतो.

ही पडताळणी नको असे मी मुळीच म्हणणार नाही. २०२० च्या ऑक्टोबरात आपल्या नाशिकच्याच विमान कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला पाकिस्तानला माहिती पुरवल्याच्या संशयावरून एटीएसने पकडले. २०२३ च्या मे महिन्यात पुण्यात डीआरडीओच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञालाच अटक झाली. दोघेही पडताळणीतून पार होऊनच तिथे बसलेले असणार ना! म्हणजे एकदा मिळालेला विश्वास रोज सांभाळावा लागतो. (आमच्या नात्यातले जे अशा ठिकाणी आहेत त्यांनी कारखान्याच्या फाटकापुढचे आणि ओळखपत्र गळ्यात घातलेले फोटो फेसबुकवर टाकणे कृपया बंद करावे. मामांचे ऐका.)

पण माझी तक्रार वेगळी आहे. हा नमुना लिहिणाऱ्याने आमचा तालुका पाहिलेला नाही. दिवाळी झाली की अर्धे गाव दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जाते. पडताळणीला माणूस येतो तेव्हा दाराला कुलूप. शेजारीही तिकडेच! मग कागद पडून राहतो. आणि दुसरे म्हणजे वनजमिनीच्या केसेस. पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेल्या प्लॉटसाठी मोर्चा काढला, रस्त्यावर बसले, की पंचवीस-तीस जणांची नावे एकदम लिहिली जातात. त्यात अठरा-एकोणीस वर्षांची पोरेही असतात.

असाच माझा एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही. साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अशाच एका केसमध्ये त्याचे नाव होते, पुढे सगळे निर्दोष सुटले. एका केंद्र सरकारी कारखान्यात त्याची निवड झाली. नमुन्यात प्रश्न होता की आपल्याला कधी अटक झाली आहे का, आपल्यावर कधी खटला झाला आहे का. त्याने मला विचारले आणि मी, बी.ए. झालेला, गावाचा शहाणा माणूस, म्हणालो, "सुटलास ना? मग 'नाही' लिही."

पोलिसांच्या अहवालात केस निघाली. नेमणूक रद्द. पत्रात केसबद्दल फारसे काही नव्हतेच, माहिती लपवली हे कारण होते. 'हो, पण निर्दोष सुटलो' असे लिहिले असते तर कदाचित निभावले असते. प्रश्न 'कधी' असा होता. शिक्षा झाली का, असा नव्हता. आयुष्यभर मुलांना प्रश्न नीट वाचा म्हणून ओरडणाऱ्या मास्तराने तोच प्रश्न नीट वाचला नाही.

पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग खटल्यात यावर सविस्तर निकाल दिला. तरुणपणी घोषणा दिल्यासारख्या किरकोळ बाबी लपवल्या गेल्या तर त्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा नोकरी देणाऱ्याला आहे, असे त्यात आहे. पण मुभा म्हणजे हक्क नव्हे. आणि खरे लिहिले तरी नेमणूक द्यायची की नाही हे तपासण्याचा अधिकार त्यांचाच. त्याआधी १९८३ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाचीच केस आली होती. राजकीय हालचालींबद्दलच्या पोलीस अहवालावरून त्यांना काढले होते आणि न्यायालयाने ते मान्य केले नाही. हे निकाल आमच्या आश्रमशाळेतल्या पोराला कोण सांगणार? अर्ज ऑनलाइन भरून देणारा सायबर कॅफेवाला? माझे मत स्पष्ट आहे. बारावीच्या वर्गात एक तास हा नमुना फळ्यावर लिहून शिकवावा. आणि जमिनीच्या आंदोलनातली केस आणि चोरी-मारामारी यांना नमुन्यातच वेगळे रकाने द्यावेत. एकाच 'होय/नाही'त दोन्ही कोंबू नयेत.

तो विद्यार्थी आता करंजाळीच्या बाजूला छोटे दुकान चालवतो. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो. त्या पत्राविषयी तो आजवर एक अक्षर बोललेला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

असो. तर ती मुलगी. तिने विचारले, "वडिलांवर वनखात्याची केस आहे, सर. 'होय' लिहू का?" मी चष्मा लावला. प्रश्न तिलाच मोठ्याने वाचायला लावला. दोनदा. प्रश्न तिच्याविषयी होता, वडिलांविषयी नव्हता. तिने 'नाही' लिहिले. तरी मी तिला कॅफेतून झेरॉक्स आणायला लावली आणि तिथेच बसून सगळे रकाने पुन्हा तपासले.

ठाण्यातून अजून फोन आलेला नाही. घरची मंडळी पिंपळगावकडे बागेत गेली आहेत, तीही त्यांच्याबरोबर. बागेच्या मालकाचा नंबर मी कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवला आहे.