होडीचा तळ, खाडीचा तळ

महाराष्ट्रात १ जूनला सुरू होणारी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. शाकारून ठेवलेल्या होड्यांवरचे झाप आणि ताडपत्र्या आता निघतील. पावसाने उघडीप दिली की खरवडणी, डागडुजी, रंगकाम सुरू होईल. तळाला चिकटलेले शेवाळ आणि बार्नॅकलची खरखरीत कवचे काढावीच लागतात. तळ खडबडीत राहिला की होडी जड चालते आणि तेवढ्याच अंतराला डिझेल जास्त जळते. म्हणजे होडी साफ ठेवणे हेही पर्यावरणाचेच काम. प्रश्न एवढाच, की खरवडून काढलेले जाते कुठे?

ते भरतीबरोबर खाडीत जाते. त्यात नुसते शेवाळ नसते, रंगही असतो आणि तळाचा रंग शोभेसाठी लावलेला नसतो. त्यात बहुधा तांब्याचे ऑक्साइड असते. ते पाण्यात हळूहळू झिरपते आणि चिकटू पाहणाऱ्या अळ्यांना मारते. बार्नॅकलच्या अळीला मारणारे विष कालवाच्या अळीला ओळखून सोडून देत नाही.

याचा धडा फ्रान्सच्या आर्काशों उपसागराने दिला आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या कालवांची पैदास कोलमडली आणि उरलेल्यांचे शिंपले विचित्र जाड होऊ लागले. कारण निघाले ट्रायब्युटिल टिन, म्हणजे तळाच्या रंगातले कथिलाचे संयुग. लिटरभर पाण्यात ग्रॅमचा अब्जावा भाग इतक्या अल्प प्रमाणातही ते काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराची इंद्रिये वाढवते. आर्काशोंमध्ये हे विष आणले ते महाकाय जहाजांनी नव्हे, उपसागरात नांगरलेल्या लहान बोटींनी. म्हणून फ्रान्सने १९८२ मध्ये बंदी घातली ती २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर. पुढच्या काही वर्षांत कालवे सावरली. जगभर हा रंग बंद करणारा करार लागू व्हायला मात्र सप्टेंबर २००८ उजाडले.

आपला किनारा यातून सुटला नव्हता. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना पश्चिम किनाऱ्यावरच्या गाळात आणि जीवांत या संयुगाचे अंश सापडले आहेत. भारतही आज त्या करारात आहे. पण करारातील तपासणी आणि प्रमाणपत्रे मोठ्या, आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजांसाठी आहेत. २४ मीटरपेक्षा लहान नौकेला साधे घोषणापत्रही लागत नाही. आपल्या खाड्यांमधल्या बहुतेक होड्या याच मापाच्या. खाडी उथळ, पाणी कोंडलेले, आणि तिथेच खडकांवरून कालवे काढून बाया घर चालवतात.

खरवडणाऱ्या माणसाचेही पाहायला हवे. ग्राइंडर लावला की रंगाची आणि फायबरची धूळ उडते. तोंडाला फार तर रुमाल असतो. तो या धुळीला पुरत नाही. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचे बंधन २०१७ पासून आहे, पण औद्योगिक रंग त्या नियमाबाहेर राहिले. जुन्या होडीवर थरावर थर असतात, खालच्या थरात काय आहे हे कोणी सांगू शकत नाही. धुळीचे कपडे घरी जातात, त्याच घरात लहान मुले असतात.

उपाय फार महागडे नाहीत. होडीखाली ताडपत्री अंथरावी, रंग ओला करून खरवडावा, निघालेला भुगा पोत्यात भरावा. ओल्या खरवडणीत धूळही कमी उडते. धुळीसाठीचा घट्ट बसणारा मास्क नाखव्याने खलाशांना घेऊन द्यावा, तो खर्च रंगाच्या डब्यापुढे किरकोळ आहे. होडी पाण्यात असताना तळावर तारेचा ब्रश मारू नये, त्याने तांब्याचा लोटच पाण्यात सुटतो. सिलिकॉनचे गुळगुळीत रंग असे विष सोडत नाहीत, पण ते महाग आहेत आणि दिवसेंदिवस उभ्या राहणाऱ्या होडीला फारसे उपयोगी नाहीत. तेव्हा सगळ्यांना तेच घ्या म्हणणे बरोबर नाही.

तळात साचलेल्या तेलकट पाण्यावर साबण ओतण्याची सवय मात्र सोडायला हवी. साबणाने तेल जात नाही, त्याचे बारीक थेंब होतात आणि ते माशांच्या कल्ल्यांपर्यंत अधिक सहज पोचतात. बाटलीवर हिरवे पान छापलेले असले तरी हेच होते. तेल फडक्याने टिपून डब्यात घ्यावे.

पण तो डबा आणि ते पोते द्यायचे कुणाला? इथे मच्छीमारांना उपदेश करून भागत नाही. हा कचरा घातक आहे आणि तो उचलण्याची व्यवस्था बंदरावर हवी. जेट्यांवर, बर्फाच्या कारखान्यांवर सरकार पैसा खर्च करते. त्याच आराखड्यात भरतीरेषेच्या वर एक सिमेंटचा उतरता ओटा, त्याच्या कडेने गटार, शेवटी गाळ बसण्याची टाकी आणि वापरलेल्या तेलाची एक झाकणबंद टाकी बसवावी. टाकी कोणी, किती दिवसांनी उपसायची हे मत्स्यव्यवसाय विभागाने त्याच कागदावर लिहावे. नाहीतर पहिल्याच पावसात ती भरून वाहील, आणि वाहील ती खाडीतच.