आधी झूम, मग फोकस

हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी पाहायला होड्या निघाल्या की अनेकांच्या गळ्यात लांबलचक झूम लेन्स दिसते. फोटो धूसर आला की दोष बिचाऱ्या लेन्सला!

पुष्कळदा चूक क्रमाची असते. फोटोसाठीच्या बहुतेक झूम लेन्समध्ये फोकल लांबी बदलली की फोकसही सरकतो. म्हणून आधी चौकट ठरवावी, मगच शटरचे बटण अर्धे दाबून फोकस करावा. पक्षी बसलेला असेल तर एकच फोकस-बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा. सगळे बिंदू कॅमेऱ्यावर सोपवले, तर तो पुढची गवताची काडीच पकडण्याची शक्यता जास्त.

डीएसएलआरची मेख वेगळी. तिथे फोकस मोजणारा सेन्सर आणि चित्र टिपणारा सेन्सर निराळे, त्यामुळे दोघांत किंचित तफावत पडू शकते. ती सुधारण्याची सोय अनेक कॅमेऱ्यांत आहे, पण पुष्कळांत एका लेन्सला एकच आकडा देता येतो, आणि तो झूमच्या दोन्ही टोकांना जुळेलच असे नाही. कॅननने २०१२ मध्ये आलेल्या ‘५डी मार्क ३’ मध्ये दोन टोकांना दोन आकडे दिले, हे शहाणपणाचे झाले. मिररलेसमध्ये मोजणी मुख्य सेन्सरवरच होत असल्याने ही कटकट जवळपास संपते.

नवी लेन्स घेण्याआधी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा आणि झूमच्या दोन्ही टोकांना वर्तमानपत्राचे पान टिपून पाहा. कदाचित खर्च वाचेल.